आयएफएससी कोड आणि पैसे पाठवणं : बडोदेकर मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

बडोद्यातल्या मराठी घरांतला पैसा सतत गावाबाहेर जात-येत असतो. मुलगी पुण्यात शिकत असते, तिचं भाडं पाठवायचं असतं. कोल्हापूरच्या सामाईक घराच्या दुरुस्तीत आपला वाटा द्यायचा असतो. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत छोटा कारखाना असेल तर माल देणाऱ्यांची बिलं असतात. माझी सगळी नोकरी बँकेत झाली. आता निवृत्त झालोय, तरी दांडिया बाजारातली, कारेलीबागेतली ओळखीची माणसं हेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. जिथे पैसे खरोखर अडकतात, तिथे उत्तर मुद्दाम लांब दिलं आहे.

आयएफएससी कोड म्हणजे काय? ती ११ अक्षरं काय सांगतात?

देशातल्या ज्या शाखांपर्यंत एनईएफटी किंवा आरटीजीएसने (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या या पद्धती) पैसे पोहोचू शकतात, त्या प्रत्येक शाखेला रिझर्व्ह बँकेच्या व्यवस्थेत एक कोड असतो. तो नेहमी ११ अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची. बँक ऑफ बडोदाची बी-ए-आर-बी, स्टेट बँकेची एस-बी-आय-एन, बँक ऑफ महाराष्ट्रची एम-ए-एच-बी. ॲक्सिस बँकेची मात्र यू-टी-आय-बी आहेत, कारण २००७ पर्यंत तिचं नाव यूटीआय बँक होतं. ती अक्षरं पाहून कोड चुकलाय असं समजू नका. पाचव्या जागी शून्य असतं आणि ती जागा पुढच्या गरजेसाठी राखून ठेवलेली आहे. शेवटची सहा अक्षरं शाखेची. काही बँका तिथे फक्त आकडे वापरतात, काही इंग्रजी अक्षरं वापरतात.

पाचवं अक्षर शून्य की इंग्रजी ओ?

शून्य. प्रत्येक बँकेच्या, प्रत्येक शाखेच्या कोडमध्ये शून्यच.

आपल्या शहरात हा घोटाळा जरा जास्त होतो आणि त्याला कारण आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा इथेच सुरू केली, त्यामुळे आपल्यापैकी कित्येक घरांचं पहिलं खातं याच बँकेत असतं. या बँकेच्या कोडमध्ये शेवटची सहा बहुधा आकडे नसून शाखेच्या नावावरून घेतलेली इंग्रजी अक्षरं असतात. डावीकडे चार अक्षरं, उजवीकडे सहा अक्षरं आणि मध्ये एकटं शून्य, असं असलं की डोळा त्यालाही अक्षरच समजतो. स्टेट बँकेच्या कोडमध्ये शून्याच्या पुढे आकडेच येत असल्याने हा गोंधळ तिथे कमी होतो.

उलटी चूकही होते. शेवटच्या सहांत खरोखरच ओ हे अक्षर असतं आणि लिहून घेणारा तिथे शून्य लिहितो. म्हणून फोनवर कोड सांगताना ‘बी-ए-आर-बी, मग आकड्यातलं शून्य, मग सहा अक्षरं’ असं तोडून सांगा. त्याहून चांगलं म्हणजे पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा. ॲपमध्ये कोड टाकला की खाली बँकेचं आणि शाखेचं नाव उमटतं. ते उमटलं नाही, तर आधी हे पाचवं अक्षर तपासा.

माझ्या शाखेचा कोड कुठे मिळेल?

चेकच्या पानावर शाखेच्या पत्त्याजवळ छापलेला असतो. पासबुकाच्या पहिल्या पानावर, खात्याच्या उताऱ्यावर आणि बँकेच्या ॲपमध्ये खात्याच्या तपशिलातही असतो. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर सगळ्या बँकांची यादी आहे.

इंटरनेटवर शोधून समोर येईल त्या पानावरून कोड उचलू नका, असं मी सगळ्यांना सांगतो. अशी कित्येक पानं वर्षानुवर्षं बदललेली नसतात आणि बंद झालेले कोड त्यांवर तसेच राहतात. शिवाय त्याच पानांवर बँकेचा म्हणून एखादा फोन नंबर दिलेला असतो, तो भलत्याच माणसाचा असू शकतो. तिथे फोन करून फसलेली माणसं मी पाहिली आहेत.

चेकच्या खालच्या पट्टीवरचा आकडा म्हणजेच आयएफएससी का?

नाही. त्या पट्टीवर आधी चेकचा ६ आकडी नंबर असतो आणि त्यानंतरचे ९ आकडे म्हणजे एमआयसीआर कोड. तो चेक वटवण्याच्या कामाचा. त्यातले पहिले तीन आकडे शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. बडोद्याचे पहिले तीन ३९०, म्हणजे आपल्या पिनकोडची सुरुवात. काही फॉर्मवर दोन्ही कोड मागतात, तेव्हा ९ आकड्यांचा कुठला आणि ११ अक्षरांचा कुठला एवढं पाहून भरा.

कोड चुकला तर पैसे कुठे जातात?

चूक कोणत्या प्रकारची आहे त्यावर ते ठरतं.

असा कोड अस्तित्वातच नसेल, तर व्यवहार पुढे जाणार नाही. ॲप तिथेच अडवतं.

बँक बरोबर पण शाखा चुकली, म्हणजे मांजलपूरच्या शाखेऐवजी त्याच बँकेच्या अलकापुरी शाखेचा कोड पडला, तर खाते क्रमांक बरोबर असल्यास पैसे बहुतेक वेळा योग्य खात्यातच जमा होतात. आता बँकेच्या सगळ्या शाखा एकाच संगणक व्यवस्थेवर (कोअर बँकिंग) आहेत आणि खाते क्रमांक पूर्ण बँकेत एकच असतो. तरी हे गृहीत धरून कोणताही कोड टाकू नका, कारण एखादी बँक असा व्यवहार परतही पाठवू शकते.

बँकच चुकली, तर पैसे त्या दुसऱ्या बँकेकडे जातात. तिच्याकडे त्या क्रमांकाचं खातं नसेल तर रक्कम परत येते. एनईएफटीत व्यवहार ठरावीक वेळेने गठ्ठ्याने (बॅचमध्ये) होतात, आणि जमा न होऊ शकलेली रक्कम बॅच पूर्ण झाल्यापासून दोन तासांत परत पाठवायची असा नियम आहे. बँकांच्या खाते क्रमांकांची लांबी वेगवेगळी असल्यामुळे बऱ्याचदा आपण इथे वाचतो. स्टेट बँकेचा क्रमांक ११ आकडी, आयसीआयसीआयचा १२, बँक ऑफ बडोदा आणि एचडीएफसीचा १४, पंजाब नॅशनलचा १६. क्रमांक मोजून पाहण्याची सवय ठेवली तर अर्ध्या चुका पाठवण्याआधीच सापडतात.

नाव बरोबर लिहिलं आणि खाते क्रमांकात एक आकडा चुकला तर? बँक नाव पाहत नाही का?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल, तर हे वाचा.

पैसे जमा करताना बँक फक्त खाते क्रमांक पाहते. चेकच्या काळात आपल्याला सवय झाली होती की नाव आणि खातं जुळलं नाही तर चेक परत येतो. एनईएफटी, आरटीजीएसमध्ये तसं होत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्येच बँकांना कळवलं आहे की रक्कम निव्वळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा करता येईल, आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची राहील. म्हणजे तुम्ही नावाच्या जागी जोशी लिहिलं आणि क्रमांक भलत्याच माणसाचा पडला, तर पैसे त्या माणसाकडे जाऊ शकतात.

लोक कोडची फार काळजी करतात आणि क्रमांकाची कमी. प्रत्यक्षात कोड चुकला तर पैसे बहुधा योग्य खात्यात जातात किंवा परत येतात. क्रमांक चुकला आणि त्या क्रमांकाचं खातं खरंच असलं, तर ते परत मिळवायला घाम गाळावा लागतो.

आता एक चांगली सोय झाली आहे. एनईएफटी आणि आरटीजीएस करण्याआधी, खाते क्रमांक आणि कोड टाकल्यावर त्या खात्यावर नोंदलेलं नाव पाहता येईल अशी व्यवस्था १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं. ती मोफत आहे. ॲपमध्ये आहे, इंटरनेट बँकिंगमध्ये आहे, शाखेत जाऊन फॉर्म भरणाऱ्यालाही मागता येते. ज्येष्ठ मंडळींनी काउंटरवर स्पष्ट विचारावं, ‘या खात्यावर नाव काय दिसतंय?’ संकोच करू नये, तो तुमचा हक्क आहे.

तरीही मोठी रक्कम नव्या खात्यात पाठवायची असेल, तर मी आधी शंभर रुपये पाठवतो, समोरच्याला फोन करून मिळाल्याची खात्री करतो आणि मगच बाकीचे पाठवतो. मंगल कार्यालयाचं बुकिंग असो की घराचं बयाणं, माणूस घाईत असतो, आणि घाईतच आकडा चुकतो.

पैसे चुकून दुसऱ्याच्या खात्यात गेले. आता?

त्याच दिवशी आपल्या बँकेला लेखी कळवा. तारीख, रक्कम, चुकीचा क्रमांक, बरोबर क्रमांक आणि व्यवहाराचा ओळख क्रमांक, म्हणजे यूटीआर नंबर द्या. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा, आरटीजीएसचा २२ अक्षरांचा असतो. आयएमपीएसला (पैसे लगेच पोहोचवणारी पद्धत) १२ आकडी संदर्भ क्रमांक मिळतो. तुमची बँक समोरच्या बँकेला कळवते, ती बँक त्या खातेदाराशी बोलते. खातेदाराच्या संमतीशिवाय बँक सहसा ते पैसे काढून देत नाही, आणि तो माणूस कोण, कुठे राहतो हेही तुम्हाला सांगत नाही. याचा राग येतो, पण तुमच्या खात्याचं रक्षणही हाच नियम करतो. कायदा तुमच्या बाजूने आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे चुकून मिळालेली रक्कम परत करणं घेणाऱ्याला बंधनकारक आहे. त्याने नकार दिला, तर रक्कम पाहून वकिलाची नोटीस पाठवायची की नाही ते ठरवावं लागेल.

माझं खातं देना बँकेत होतं. जुना कोड अजून चालतो का?

चालत नाही. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या आणि त्यांचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. गुजरातमध्ये देना बँकेच्या शाखा भरपूर होत्या, त्यामुळे बडोद्यात हा प्रश्न अजूनही येतो. तुमच्या हातातल्या जुन्या पासबुकावर बी-के-डी-एन ने सुरू होणारा कोड असेल तर तो कुणालाही देऊ नका. शाखेत जाऊन नवं पासबुक घ्या. विलीनीकरणात खाते क्रमांकही बदललेला असू शकतो, म्हणून दोन्ही त्या नव्या पासबुकावरूनच उतरवून घ्या.

ज्यांना तुम्ही पैसे पाठवता त्यांच्याही बाबतीत हेच लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली, आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक ऑफ इंडिया पंजाब नॅशनल बँकेत. ॲपमध्ये पाच-सहा वर्षांपूर्वी जोडलेली नावं असतील तर एकदा बसून ती यादी तपासा.

आणि मागे राहतात त्या जागा म्हणजे जिथून पैसे वर्षातून एकदा येतात. आयकराचा परतावा, भविष्य निर्वाह निधी, विम्याचे पैसे, शेअरचा लाभांश. या प्रत्येक ठिकाणी तुमचा जुना कोड नोंदलेला असतो आणि बँक तो तुमच्या वतीने बदलत नाही. आयकराच्या पोर्टलवर नव्या तपशिलासह खातं पुन्हा पडताळून घ्यावं लागतं; पीएफमध्ये केवायसीत बँकेचा तपशील बदलावा लागतो. वडील गेल्यानंतर मुलांनी विम्याचा दावा केला आणि पैसे जुन्या कोडपायी परत फिरले, अशी प्रकरणं मी हाताळली आहेत. ऐन दुःखाच्या दिवसांत घरच्यांना शाखेच्या फेऱ्या मारायला लावणं टाळता येतं. घरातल्या ज्येष्ठांचे हे तपशील त्यांच्या हयातीतच नीट करून ठेवा.

घर बदललं. फतेगंजच्या शाखेतून खातं गोत्रीच्या शाखेत हलवलं. कोड बदलेल?

हो. कोड शाखेचा असतो, तेव्हा शाखा बदलली की तोही बदलतो. खाते क्रमांक बहुतेक बँकांत तोच राहतो. पगाराच्या ऑफिसला आणि वर सांगितलेल्या सगळ्या ठिकाणी नवा कोड कळवा.

एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस यांतलं कुठलं वापरू?

तिन्हींना खाते क्रमांक आणि आयएफएससी लागतो. फरक वेळेचा आणि रकमेचा.

एनईएफटी नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाली आणि १६ डिसेंबर २०१९ पासून ती दिवसरात्र, सुटीच्या दिवशीही चालते. दर अर्ध्या तासाला एक बॅच, म्हणजे दिवसाला ४८. बॅच झाल्यावर दोन तासांत पैसे जमा झाले पाहिजेत. रिझर्व्ह बँकेने किमान किंवा कमाल रक्कम ठरवलेली नाही, पण तुमची बँक ॲपवर आपली मर्यादा घालते.

आरटीजीएस किमान २ लाखांसाठी. प्रत्येक व्यवहार एकेकटा, त्याच वेळी पूर्ण होतो आणि समोरच्या बँकेने ३० मिनिटांत रक्कम जमा करायची असते. १४ डिसेंबर २०२० पासून तीही दिवसरात्र आहे. फ्लॅटचा हप्ता किंवा मोठं बिल असेल तर हीच बरी.

आयएमपीएसने पैसे लगेच जातात, ५ लाखांपर्यंत. रात्री दवाखान्यात पैसे भरायचे असतील तर आयएमपीएस. पण लगेच जातात म्हणजे चुकले तरी लगेचच जातात, विचार करायला वेळ मिळत नाही.

शाखेत जाऊन फॉर्म भरायचा असेल तर अर्थातच शाखेच्या वेळेत. ज्याचं बँकेत खातं नाही असा माणूससुद्धा एनईएफटी असलेल्या शाखेत रोख भरून ५०,००० रुपयांपर्यंत पाठवू शकतो.

शुल्क किती?

बचत खात्यातून ॲप किंवा इंटरनेटवरून केलेल्या एनईएफटीला १ जानेवारी २०२० पासून शुल्क नाही. शाखेतून केल्यास रकमेनुसार अडीच रुपयांपासून २५ रुपयांपर्यंत, वर जीएसटी. शाखेतून आरटीजीएसला ५ लाखांपर्यंत कमाल २४.५० रुपये आणि त्यापुढे ४९.५० रुपये, वर कर. आयएमपीएसचं शुल्क प्रत्येक बँक आपापलं ठरवते.

यूपीआय असताना हा कोड कशाला हवा?

रोजच्या भाजी-दुधाला नकोच. पण यूपीआयला दिवसाची मर्यादा असते, आणि पगार, पेन्शन, परतावा, कॉलेजची फी परत मिळणं, संस्थेची देणगी, यांसाठी खाते क्रमांक आणि कोडच मागतात. समोरच्याकडे यूपीआय नसेल तर ॲपमध्ये खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकूनही पैसे पाठवता येतात.

गणेशोत्सव मंडळांच्या खजिनदारांना एक विनंती. पावतीपुस्तक छापायला देण्याआधी त्यावरचा कोड आणि क्रमांक पासबुकाशी दोघांनी ताडून पाहा. मुंबई-पुण्याला गेलेले बडोदेकर आठवणीने वर्गणी पाठवतात, ती छपाईच्या चुकीपायी परत जाऊ नये.

पोस्टातल्या खात्याला कोड असतो का? आणि पतपेढीला?

पोस्टाच्या बचत खात्याला असतो, आणि देशभरातल्या सगळ्या पोस्टांचा मिळून एकच. आय-पी-ओ-एस, मग चार वेळा शून्य, मग डी-ओ-पी. म्हणजे रावपुऱ्यातल्या पोस्टाचं खातं असो की साताऱ्याच्या, कोड तोच. २०२२ च्या मे महिन्यापासून या खात्यांना एनईएफटी आणि आरटीजीएस सुरू झालं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक मात्र वेगळी. तिचा कोड आय-पी-ओ-एस, सहा वेळा शून्य आणि एक. पोस्टमन घरी येऊन अंगठा घेऊन जे खातं उघडतो ते बहुधा या दुसऱ्या बँकेचं असतं. दोन्हींची सुरुवात सारखी असल्याने आजी-आजोबांच्या खात्यात पैसे पाठवताना गल्लत होते. खातं नेमकं कशाचं आहे ते पासबुकावरून बघून घ्या.

सहकारी बँकांपैकी अनेकांचा स्वतःचा कोड असतो. काही छोट्या सहकारी बँका मात्र मोठ्या बँकेच्या आधाराने व्यवहार करतात आणि त्या मोठ्या बँकेचा कोड देतात, त्यामुळे ॲपमध्ये वेगळ्याच बँकेचं नाव दिसलं तर शाखेत विचारून खात्री करा. पतपेढी ही बँक नसते, तिला आयएफएससी नसतो.

मुलगा अमेरिकेतून पैसे पाठवणार आहे. त्याला आयएफएससी देऊ का?

तिथल्या बँकेतून पाठवत असेल तर तिला स्विफ्ट कोड लागतो, तो ८ किंवा ११ अक्षरांचा असतो आणि प्रत्येक शाखेला स्वतःचा नसतो. तुमच्या शाखेत विचारून घ्या. पैसे पाठवणाऱ्या ॲप कंपन्या मात्र आयएफएससी मागतात, कारण भारतात आल्यावर शेवटचा टप्पा इथल्याच व्यवस्थेतून होतो. दोन्ही देऊन ठेवा.

कोड आणि खाते क्रमांक कुणाला सांगितला तर खातं रिकामं होईल का?

नुसत्या त्या दोन गोष्टींनी पैसे फक्त येऊ शकतात, जाऊ शकत नाहीत. जाण्यासाठी ओटीपी, पिन, पासवर्ड किंवा सही लागते, आणि ती कुणालाही द्यायची नाही. रद्द केलेला चेक मागितला तर त्यावर दोन आडव्या रेघा मारून ‘रद्द’ असं मोठं लिहा आणि सही करू नका. ‘तुमचा आयएफएससी बदललाय, अपडेट करायला लिंक दाबा’ असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समजा. फसवणूक झालीच तर क्षणही न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा आणि मग बँकेला कळवा.

पैसे खात्यातून गेले, समोर जमा नाहीत, बँक दाद देत नाही. काय करू?

आधी यूटीआर घ्या आणि समोरच्याला तो घेऊन त्याच्या बँकेत चौकशी करायला सांगा. अनेकदा पैसे तिथेच अडकलेले असतात. जमा करायला किंवा परत करायला ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला, तर एनईएफटीत रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अधिक २ टक्के या दराने व्याज बँकेने स्वतःहून द्यायचं असतं, मागण्याची वाट न पाहता. दिलं नसेल तर मागा. तक्रार लेखी द्या आणि तिचा क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या तक्रार पोर्टलवर जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १४४४८ वर फोन लागतो. सोबत पासबुकाची नोंद, यूटीआर आणि बँकेला दिलेल्या तक्रारीची प्रत ठेवा, कारण पहिल्यांदा तीच मागतात.